कोमेजण्याचा हुकूम

खटावकर बाईंच्या बागेतली फुलं मरायला तयार नव्हती, आणि त्यामुळे दिगंबर पोतदारांचं कशात लक्ष लागत नव्हतं.

सकाळी उठावं, आंघोळ करून देवाचं करावं, आणि मग खिडकीतल्या फुलदाणीकडे चोरून बघावं, असा त्यांचा क्रम झाला होता. निशिगंधाच्या काड्या ताठ. ॲस्टरची जांभळी तोंडं काल होती तशीच हसरी. महिना उलटला तरी खाली एक पाकळी पडली नव्हती. पोतदार जवळ जाऊन एखादी पाकळी बोटानं हलकेच ओढून बघत. ती जागची हलत नसे.

“अगं, पड की आता,” ते पुटपुटत. “अंत किती बघशील माणसाचा?”

साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या त्या कॉलनीत पोतदार एकटे राहत. वजनमापे खात्यातून ते निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्य दुकानदारांचे काटे तपासण्यात गेलं. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला चिंचेचा गोळासुद्धा त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. आता एकच आवड उरली होती. दत्तमंदिरात दर गुरुवारी कीर्तन होई, त्याला ते पेटीची साथ करत. कीर्तन हल्ली घरबसल्या दिसे. खोलीच्या मधोमध प्रकाशाचे बुवा जसेच्या तसे उभे राहत, अगदी उपरण्याच्या झुळकीसकट. पण बुक्क्याचा वास काही त्यातून येत नाही, आणि शेजारच्याला कोपर मारून ‘वा!’ म्हणता येत नाही. म्हणून मंदिर अजून भरत होतं.

फुलदाणी त्यांच्या बायकोची, शैलाताईंची. पितळेची, उंच मानेची. शैलाताई असताना पलीकडच्या गल्लीतल्या खटावकर बाईंकडून फुलं आणून त्या ती सजवत. त्या गेल्यावर, सगळे पाहुणे पांगल्यानंतर, बाई एक दिवस फाटकाशी आल्या आणि म्हणाल्या, “शैलाची फुलदाणी रिकामी ठेवू नका. येत जा.” तेव्हापासून दर दोन-तीन दिवसांनी पोतदार परडी घेऊन जात.

नलिनी खटावकर म्हणजे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या, आणि साऱ्या कॉलनीच्या ‘बाई’. बाई कात्री चालवत, पोतदार परडी धरून उभे राहत, आणि दोघं मिळून गेल्या गुरुवारचं कीर्तन पुन्हा एकदा करत.

“उत्तररंगात बुवा जरा घाईत होते.”

“घाईत नव्हते, बाई. तुम्ही टाळ्या घाईत वाजवता. तुमच्यामुळे तबलजी पळतो, तबलजीमुळे मी पळतो, आणि बुवांना वाटतं, यांना घरी जायचंय.”

“मग देवासमोर काय मोजून मापून वाजवायचं? तुमचं खातं संपलं, साहेब. सोडा आता.”

असं चाले. फुलं चार, बोलणं तासाचं. आपण बाईंना भेटायला जातो, असं पोतदारांच्या मनात कधी आलं नव्हतं. आपण फुलं आणायला जातो.

आणि मग शाल्मली ती पुडी घेऊन आली.

शाल्मली ही त्यांची एकुलती मुलगी. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ती वनस्पतींवर काम करी. आली, ती पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारती झाली, “बाबा, फूल का कोमेजतं?”

“तहानेनं. देठ कापला की पाणी कुठून मिळणार?”

“तेही आहे. देठातल्या बारीक नळ्यांत हवेचा बुडबुडा अडकतो. पाण्यात जंतू वाढून त्या तुंबतात. म्हणून तर आई देठ तिरका कापायची, रोज पाणी बदलायची, चिमूटभर साखर घालायची. त्यानं एक-दोन दिवस वाढतात. पण फूल नुसतं तहानेनं मरत नाही, बाबा. त्याला मरायचा हुकूम येतो.”

पोतदारांनी पेटीचा भाता थांबवला. कीर्तनात बुवांनी असा प्रश्न टाकला की पुढं काहीतरी चांगलं येणार, हे त्यांना सवयीनं कळे.

झाडाच्या दृष्टीनं फूल म्हणजे खर्चाचं काम. देठ तुटला, की फुलात इथिलीन नावाचा वायू तयार होऊ लागतो. टोपलीतलं एक केळं पिकलं की शेजारची पिकतात, ते ह्याच वायूमुळे. तो पाकळीच्या पेशीला जाणवला, की पेशीच्या केंद्रकातून एक निरोप निघतो: आता आवरा. हा निरोप आरएनए नावाच्या रेणूंच्या साखळीवर लिहिलेला असतो. तो पेशीतल्या कारखान्यात पोचला, की तिथं मोडतोड करणारी हत्यारं तयार होतात आणि पाकळी स्वतःलाच उसवायला लागते. शाल्मलीच्या गटानं त्या निरोपाला नेमका चिकटेल असा, उलट अक्षरांचा एक आखूड तुकडा बनवला होता. फुलदाणीतल्या पाण्याबरोबर तो देठातून वर चढे, पाकळीत त्या निरोपाला मिठी मारे, आणि मग पेशीतलीच राखणदार यंत्रणा त्या जोडीला परकी समजून कातरून टाके. हुकूम निघे, पण पोचत नसे.

“म्हणजे फुलाला मरण नाही?”

“आहे की. सहा-आठ महिन्यांनी. आम्ही नाव ठेवलंय ‘अम्लान’. पुढच्या वर्षी बाजारात येईल. त्याआधी घरोघर चाचणी आहे. साताऱ्यातली थोडी घरं घेतलीत, दत्तमंदिरही घेतलंय. तिथं हारावर फवारायचं. आणि पहिलं घर आपलं!”

“देवाला चालेल का गं हे?”

“तुम्ही बेसूर झालात तरी तुमची पेटी चालते ना त्याला? मग ही पुडी चालेल.”

तिनं फुलदाणीखाली एक पातळ चकती ठेवली. फुलं किती पाणी पितात, कोणता वायू सोडतात, हे सगळं ती चकती पुण्याला कळवणार होती. पोतदारांनी एवढंच करायचं: नवी फुलं ठेवताना एक पुडी पाण्यात घालायची, आणि फोनवर येईल त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. ‘पाण्यात पुडीशिवाय दुसरं काही घातलं का?’ हो किंवा नाही.

लेकीच्या डोक्याचं त्यांना एवढं कौतुक वाटलं, की त्या गुरुवारी त्यांनी मंदिरात ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना धरून कोमेजण्याचा हुकूम समजावून सांगितला. बाईंनाही सांगितला.

“छान,” बाई म्हणाल्या. “मग आता फुलं लागणार नाहीत.”

हा हिशेब पोतदारांच्या लक्षातच आला नव्हता.

दोन आठवडे कसेबसे काढून ते एका सकाळी परडी घेऊन गेलेच. बाई गुलाबाला माती लावत होत्या. त्यांनी वर पाहिलं. “अजून टिकलीत ना घरातली?”

“टिकलीत. म्हणजे, तशी टिकलीत.”

“मग उगाच कशाला खुडायची? झाडावर राहू देत बिचारी.”

बोलणं बिनतोड होतं. पोतदार रिकामी परडी घेऊन परत फिरले. फाटक लावताना त्यांनी मागं पाहिलं, तर बाई माती सोडून त्यांच्याकडेच बघत होत्या; नजरानजर होताच त्यांनी खुरपं उचललं.

त्यानंतरचे दिवस फार लांब गेले. पोतदारांनी फुलदाणी उन्हात ठेवली. शेजारी पिकलेलं केळं ठेवलं. केळं काळं ठिक्कर पडलं, ॲस्टर हसत राहिले. फुलं सरळ उचलून टाकून द्यावीत, असंही एकदा मनात आलं, पण जिवंत फूल केरात टाकायला हात धजेना. शिवाय खाली ती चकती होतीच, पुण्याला चुगली करणारी. गुरुवारी मंदिरात बाई दिसत. पण तिथं त्या बायकांत, हे पेटीवर. मधे सगळा गाव. “कसं काय?” “बरं आहे.” एवढ्यावर भागे. बाईंच्या टाळ्याही आता तालात पडू लागल्या होत्या, आणि पोतदारांना ते मुळीच आवडलं नव्हतं.

अखेर फोनवर शब्द उमटले: ‘पहिली फेरी पूर्ण. कृपया नवी फुलं ठेवा.’

पोतदार चपलेत पाय घालता घालताच निघाले.

बाईंनी काही विचारलं नाही. त्यांनी भरभरून शेवंती दिली, पुरती उमललेली, आणि कीर्तनकार अरुंधतीताईंच्या येत्या कीर्तनाचं आख्यान कोणतं असेल यावर एवढं बोलल्या, की ऊन डोक्यावर आलं.

घरी येऊन पोतदारांनी पुडी घातली, शेवंती रचली, आणि मग देव धुवायला बसले. रोज थोड्या दुधानं आणि मग पाण्यानं ते देवांना स्नान घालत. ते पाणी मोरीत टाकायचं नाही, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही, तुळशीला घालायचं, हा शैलाताईंनी घालून दिलेला नेम. तुळस होती खाली अंगणात, आणि त्या दिवशी गुडघा जिना उतरायला राजी नव्हता. हातात तीर्थाची वाटी, समोर फुलदाणी. ‘फूल म्हणजे झाडच की,’ ते मनात म्हणाले, आणि त्यांनी वाटी फुलदाणीत रिकामी केली. फोननं विचारलं: दुसरं काही घातलं का? तीर्थ म्हणजे काही ‘दुसरं काही’ नव्हे. त्यांनी निर्मळ मनानं ‘नाही’ वर बोट ठेवलं.

तिसऱ्या दिवशी शेवंतीनं माना टाकल्या.

पोतदार बघत राहिले. मग त्यांनी देवाला हात जोडले, मग परडी शोधली.

पुढच्या वेळी त्यांनी पुन्हा तीर्थ घातलं. फुलं पुन्हा सुकली. निरीक्षकाला एवढं पुरेसं होतं. का होतंय ते त्यांना कळत नव्हतं, पण कशानं होतंय ते चांगलंच कळलं. फोनच्या प्रश्नावर यावेळी बोट थोडं रेंगाळलं. तीर्थ म्हणजे ‘काही’ नव्हे, असं त्यांनी स्वतःला पुन्हा बजावलं. त्यापुढच्या वेळी बजावायचीही गरज पडली नाही. गुडघा ठणठणीत असूनही तीर्थ फुलदाणीतच गेलं आणि बोट ‘नाही’ वर.

बाईंकडचं जाणं सुरू झालं होतं, आणि पोतदारांना सगळी पेटी नवी वाटत होती.

“काय हो, ते मुलीचं औषध?” बाईंनी एकदा विचारलं.

“आमच्या घरात लागू पडत नाही. साताऱ्याचं पाणी जड.”

“हो का?” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी कात्री पुढच्या फांदीला लावली. “असेल बाई. मी भूगोल शिकवायचे, मला पाण्यातलं काय कळणार?”

हे सगळं असंच सुखानं चाललं असतं, पण एका बुधवारी शाल्मलीचा फोन आला. आवाज बसलेला होता.

“बाबा, आपल्याच घरची फुलं का मरतात?”

पोतदारांनी घसा साफ केला. “पाणी जड असेल.”

“तुमच्या शेजारचं घर त्याच टाकीचं पाणी पितं. त्यांचा गुलाब पहिल्या दिवशीसारखा आहे. सगळीकडे टिकतात, बाबा. एका घरात नाही. आणि कारण सापडत नाही. एखाद्या घरात औषध काम करत नाही एवढ्यानं काही बिघडत नाही हो, पण का करत नाही हे सांगता आलं नाही, तर परवानगी मिळत नाही. काल बैठकीत वरिष्ठ म्हणाले, चाचणी बंद करू, तुकडाच बदलू. म्हणजे पहिल्यापासून. मला त्या गटातून काढतील बहुतेक. उद्या येते. पाणी, माती, हवा, सगळं तपासून बघते. तुम्ही काही चुकत नाही ना, एवढं मी छातीठोक सांगितलंय. म्हटलं, माझे बाबा वजनमापे खात्यात होते.”

फोन ठेवल्यावर पोतदार बराच वेळ फुलदाणीसमोर बसून राहिले. पारड्याखाली चिंच लावणारा प्रत्येक दुकानदार त्यांना सांगायचा, साहेब, एवढ्याशानं काय होतंय.

खरं सांगितलं तर लेकीचं काम वाचणार होतं. पण मग फुलं टिकणार होती. सहा-सहा महिने टिकणार होती. आणि बाईंच्या फाटकातून आत जायला त्यांना कारण उरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. शाल्मली पुण्याहून निघाली ती गाडी थेट मंदिराशीच थांबवून आत आली आणि मागच्या खांबाला टेकून बसली. कीर्तन अरुंधतीताई गोसाव्यांचं होतं. ताई वयानं लहान, पण उभ्या राहिल्या की मंदिराचा गाभारा दोन पावलं पुढं सरकल्यासारखा वाटे. पूर्वरंग त्यांनी असा रंगवला, की झांजा थांबल्यावरही कानात वाजत राहिल्या. पूर्वरंग संपला, की कीर्तनकाराला बुक्का लावायचा आणि हार घालायचा, ही रीत. मंदिराचे चिटणीस निकमकाका खुंटीवरचा हार काढून पुढं आले. ताईंनी मान वाकवली, आणि वाकवलेलीच ठेवून बारकाईनं हाराकडे पाहिलं.

“काका, हा हार ओळखीचा वाटतोय. चैत्रातही मला हाच घातला होता ना?”

मंदिरात हशा पिकला. निकमकाका गोरेमोरे झाले. “तोच आहे, ताई. पण ताजा बघा! वास घ्या. फवारा मारलाय. मधल्या सगळ्या बुवांना हाच घातला, कुणाची तक्रार नाही.”

“फुलांबद्दल माझीही नाही,” ताई हसून म्हणाल्या. “ज्या कुणी हे शोधून काढलं, त्याच्या बुद्धीला माझा नमस्कार. देवाची करणी समजून घेणं हीसुद्धा सेवाच. पण काका, कीर्तनकाराला हार कशाला घालतात? मी काही देव नाही. संध्याकाळी ही बाई आपल्यासाठी उभी राहणार, म्हणून सकाळी कुणीतरी फुलं वेचतं, सुई शोधतं, चष्मा शोधतं, ओवत बसतं. कुणाची तरी सकाळ माझ्या गळ्यात पडते, म्हणून मला पुढं उभं राहायचं बळ येतं. ह्या हारात चैत्रातली सकाळ आहे. ती मला पोचली. आजची द्या. एक फूल दिलंत तरी चालेल.”

मग बायकांतून खटावकर बाई उठल्या. पदराखालून त्यांनी निशिगंधाची एक काडी काढली. “हार नाही. पण आज सकाळची आहे,” त्या म्हणाल्या. ताईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि उत्तररंगाला सुरुवात केली.

पोतदारांची बोटं भलत्याच पट्ट्यांवर पडली. तबलजीनं डोळे मोठे केले. साऱ्या उत्तररंगात ते सुरात आले नाहीत. पेटी दाबत होते आणि मनात एकच येत होतं, की आपली सकाळ गेले कित्येक दिवस खोटी चालली आहे.

आरती झाली. प्रसाद वाटून लोक पांगले. बाहेर पिंपळाच्या पारावर शाल्मली फुटाणे खात बसली होती. पोतदार तिच्या शेजारी टेकले.

“पाणी तपासू नकोस,” ते म्हणाले. “पाण्यात काही नाही. मी घालत होतो.”

“काय घालत होतात?”

“तीर्थ.”

शाल्मलीचा हात फुटाण्यांच्या पुडीत तसाच राहिला. “तीर्थ म्हणजे कसलं? पाणी?”

“दूध-पाणी. देवांना घालतो ते. पहिल्यांदा चुकून घातलं, गुडघ्यामुळे. नंतर मुद्दाम. आणि फोनवर ‘नाही’ म्हणत गेलो.”

मग तिच्या चेहऱ्यावर राग आला, तो अर्धवट येऊन थांबला, आणि ती एकदम उभीच राहिली. “दूध! बाबा, दूध! गाईच्या दुधात आरएनए कातरणारं विकर असतं, रायबोन्यूक्लिएझ. काही केल्या मरत नाही ते, उकळलं तरी पुरतं जात नाही. तुमच्या वाटीनं आमचा तुकडा देठात चढायच्या आतच पाण्यात कापून टाकला! प्रयोगशाळेत आम्ही हातमोजे घालतो ते हाताच्या घामात तेच असतं म्हणून, आणि फुलदाणीत कुणी दूध ओतेल हे कुणाला सुचलंच नाही. अहो, ह्या देशात घरोघरी तीर्थ असतं! बरं झालं आत्ता कळलं. तुकड्याला वरून एक आवरण द्यावं लागेल. ते जमतं. आणि तोवर पुडीवर छापायचं, तीर्थ घालू नये.”

“तसं छापू नकोस गं. बरं दिसत नाही. दूध म्हण.”

ती हसली, आणि हसता हसता पुन्हा खाली बसली. तिचा जीव भांड्यात पडला होता. पण मुलगी त्यांचीच होती. पारड्याखाली अजून काहीतरी चिकटलेलं आहे, हे तिला दिसत होतं.

“मुद्दाम का घालत होतात?”

पोतदारांनी पिंपळाकडे पाहिलं. “फुलं टिकली की जाता येत नाही.”

“कुठं?”

“फुलं आणायला.”

शाल्मलीनं आत पाहिलं. मंदिरात निकमकाका सतरंज्या गुंडाळत होते. मग ती म्हणाली, “ती फुलदाणी आईची आहे.”

“हो.”

“आईला बाई फार आवडायच्या.” तिनं उरलेले फुटाणे त्यांच्या हातावर ओतले. “पण मला आता खरी फेरी लागेल, बाबा. आपल्याच घरची. तीर्थाशिवाय. म्हणजे फुलं ठेवली, की सहा महिने हलायची नाहीत. जमेल?”

“जमेल,” पोतदार म्हणाले. त्यांनी फोन काढला आणि तिच्यासमोर बसून मागचं एकेक उत्तर ‘हो’ करत गेले.

शाल्मलीनं जाण्यापूर्वी बाजारातून आणलेले गुलाब स्वतःच्या हातानं फुलदाणीत ठेवले. ते टिकले. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, आणि पोतदार तीर्थाची वाटी घेऊन जिना उतरून तुळशीपर्यंत जात राहिले. पुण्याहून फोन आला, की आवरण दिलेला तुकडा दुधातही तग धरतोय, वरिष्ठांनी चाचणी चालू ठेवलीय. पोतदारांनी देवापुढं साखर ठेवली. लेकीचं झालं होतं. आपलं काय, हे ज्याचं त्यानं बघायचं होतं.

एका सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. खुंटीवरच्या परडीकडे हात गेला, तो त्यांनी मागं घेतला.

बाई पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या. फाटक वाजलं तशी त्यांनी वर पाहिलं.

“सुकली वाटतं फुलं.”

“नाही. चांगली टवटवीत आहेत.”

“मग परडी कुठाय?”

“आणली नाही.”

“मग?”

इथं काहीतरी बोलायचं ठरवून पोतदार निघाले होते. वाटेत ते वाक्य दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. आता त्यातला पहिला शब्दसुद्धा आठवेना.

“मग काही नाही,” ते म्हणाले. “आलो. फुलं मीच मारत होतो, बाई. तीर्थ घालून. यायला मिळावं म्हणून.”

बाईंनी हातातली शेंग सोलून दाणे सुपात टाकले. त्या हसणार की रागावणार, हे पोतदारांना कळेना.

“मला काय कळत नव्हतं?” बाई म्हणाल्या. “शेजारचा गुलाब टिकतो आणि तुमची शेवंती तिसऱ्या दिवशी मान टाकते. आणि मी तरी तुम्हाला कधी कळ्या दिल्या का? शैला होती तेव्हा कळ्या द्यायचे. तुम्हाला पुरती उमललेलीच दिली. कळ्या फार दिवस टिकतात.”

शेंगांचं सूप बाजूला ठेवून त्या उठल्या आणि पदर झटकून आत गेल्या. दार उघडंच राहिलं. इतक्या वर्षांत पोतदार अंगणाच्या पुढं कधी गेले नव्हते. पायरीशी ते घुटमळले.

“चहात साखर किती घेता, तेसुद्धा मला ठाऊक नाही,” आतून आवाज आला.

“डॉक्टरांनी बंद केलीय.”

“ते झालं. घालू किती?”

“दोन चमचे,” पोतदार म्हणाले, आणि चपला काढून आत गेले.